जगात जर्मनी, भारतात परभणी : आइन्स्टाईन, त्याचा फ्रिज आणि मामांचा आखाडा

जगात जर्मनी अन् भारतात परभणी, ही म्हण आपल्याकडे लहान पोरालाही पाठ असते. आज या दोघांना खरोखर एकाच गोष्टीत आणणार आहे. मधला दुवा आहे एक फ्रिज. तोही साधा नाही, गॅसच्या ज्योतीवर चालणारा.

झालं असं, की माझ्या मामांचा आखाडा गंगाखेड तालुक्यात आहे. तिथं लाईट कधी येईल अन् कधी जाईल, याचा नेम नाही. दूध, दही आणि जनावरांची औषधं थंड ठेवायची म्हणून मामांनी कुठून तरी सिलिंडरवर चालणारा जुना फ्रिज आणला. तीन-चार दिवसांत तो रुसला आणि मला फोन आला. मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो, पण घरच्यांच्या लेखी इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर. त्याला मिक्सरपासून मोटारपंपापर्यंत सगळं यायला हवं.

मला पहिला प्रश्न पडला तो हा, की खाली जाळ लावायचा आणि वर बर्फ जमायचा, हे होतं कसं? शोधत शोधत मी पोहोचलो थेट अल्बर्ट आइन्स्टाईनपर्यंत. हो, तोच. ई इज इक्वल टू एमसी स्क्वेअरवाला. त्याच्या आयुष्यातली काही वर्षं चक्क फ्रिज बनवण्यात गेली होती. शाळेच्या पुस्तकात न आलेला हा भाग आधी सांगतो, मग मामांच्या फ्रिजकडे येऊ.

कारखानदाराचं पोरगं

आइन्स्टाईनचा जन्म १४ मार्च १८७९ रोजी जर्मनीतल्या उल्म गावी झाला. पुढच्याच वर्षी घर म्युनिकला हललं. तिथं वडील हरमान आणि काका याकोब यांनी विजेच्या सामानाचा कारखाना काढला. डायनॅमो, दिवे, मीटर असं सगळं तिथं बनायचं. म्युनिकच्या प्रसिद्ध ऑक्टोबरफेस्ट जत्रेत १८८५ साली पहिल्यांदा विजेचे दिवे लागले, ते याच कंपनीचे. म्हणजे हा मुलगा वायरी आणि यंत्रांच्या गराड्यात वाढला. डोक्यात सतत आकाशगंगा घेऊन फिरणारा प्रोफेसर हे चित्र अर्धंच खरं आहे.

पण धंदा टिकला नाही. मोठ्या कंपन्यांपुढे शहराच्या दिव्यांचं कंत्राट हातचं गेलं आणि १८९४ मध्ये घरच्यांनी इटली गाठली. अल्बर्टने १८९५ मध्ये झुरिकच्या पॉलिटेक्निकची प्रवेश परीक्षा दिली. वय नेहमीपेक्षा दोन वर्षांनी कमी होतं. गणित आणि फिजिक्स उत्तम गेलं, बाकीच्या विषयांत अडकला. मग आराऊच्या शाळेत एक वर्ष काढून १८९६ मध्ये प्रवेश घेतला आणि १९०० मध्ये पास झाला. त्यानंतर नोकरी मिळेना. डिग्री हातात आणि काम नाही, हा अनुभव आपल्यातल्या बऱ्याच जणांना ओळखीचा आहे.

शेवटी १९०२ मध्ये बर्नच्या पेटंट ऑफिसात तिसऱ्या श्रेणीच्या तांत्रिक तज्ज्ञाची जागा मिळाली. लोकांनी पाठवलेल्या यंत्रांचे नकाशे तपासायचे, नवीन काय आहे आणि ते चालेल का ते ठरवायचं. सात वर्षं त्याने हेच केलं. तिथं असतानाच १९०५ मध्ये फिजिक्स बदलून टाकणारे ते गाजलेले पेपर आले. १९१४ मध्ये तो बर्लिनला गेला. १९१५ मध्ये व्यापक सापेक्षता मांडली, १९१९ च्या सूर्यग्रहणाने ती खरी ठरवली आणि तो जगभर प्रसिद्ध झाला. १९२१ सालचं नोबेल त्याला मिळालं ते मात्र फोटोइलेक्ट्रिक परिणामासाठी. हा भाग तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल, म्हणून पुढे जाऊ.

बर्लिनमधली एक बातमी

१९२०च्या दशकात युरोप-अमेरिकेत घरगुती विजेचे फ्रिज नुकते येऊ लागले होते. त्यांत थंडावा देणारा वायू म्हणून अमोनिया, सल्फर डायऑक्साईड किंवा मिथाईल क्लोराईड वापरायचे. तिन्ही विषारी. पंपाचा दांडा जिथून बाहेर यायचा तिथली सील कालांतराने झिजायची आणि वायू घरात पसरायचा.

असं सांगतात, की आइन्स्टाईनने एके दिवशी पेपरात बातमी वाचली. बर्लिनमधलं एक अख्खं कुटुंब, लेकरांसकट, झोपेत गेलं होतं. कारण फ्रिजमधून गळलेला वायू. ही बातमी त्याच्या मनाला लागली.

त्याच्या ओळखीत लिओ सिलार्ड नावाचा हंगेरियन तरुण होता. १८९८ मध्ये बुडापेस्टला जन्मलेला, उष्णताशास्त्रात पक्का आणि खिशाने कडका. दोघांचं म्हणणं एकच पडलं. गळती होते ती हलणाऱ्या भागांमुळे. मग हलणारा भागच नको. १९२६ मध्ये दोघं कामाला लागले. आइन्स्टाईन तेव्हा ४७ वर्षांचा होता, सिलार्ड २८ चा. त्यांनी आपसात करारही केला. शोध दोघांचे, पण सिलार्डची कमाई ठरावीक रकमेच्या खाली गेली तर नफ्यावर पहिला हक्क त्याचा.

पेटंटच्या कागदांत आइन्स्टाईनची जुनी नोकरी कामाला आली. दोघांनी मिळून सहा देशांत ४५ पेक्षा जास्त अर्ज केले. अमेरिकेतलं त्यांचं पेटंट ११ नोव्हेंबर १९३० रोजी मंजूर झालं. त्याचा नंबर १७८१५४१ आहे. गुगल पेटंट्सवर टाकून बघा, आकृतीसकट समोर येतं.

आगीतून बर्फ : हे चालतं कसं?

हलणारे भाग नसलेला फ्रिज त्यांच्या आधीही होता. स्टॉकहोमच्या तांत्रिक विद्यापीठातल्या फॉन प्लाटन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी तो १९२२ मध्ये शोधला होता. इलेक्ट्रोलक्स कंपनीने तो १९२५ पासून बाजारात आणला. आजचे गॅस फ्रिज, आणि हॉटेलच्या रूममधले आवाज न करणारे बरेच छोटे फ्रिजही, याच घराण्यातले.

समजून घ्यायला सोपं आहे. परभणीत मे महिन्यात कूलर काय गार हवा देतो! तोच कूलर जुलैत लावला तर नुसता चिकचिकाट होतो. का? मे मध्ये हवा कोरडी असते, म्हणून पाणी भराभर वाफ होतं आणि वाफ होताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. जुलैत हवेत आधीच ओल असते, म्हणून पाणी वाफ व्हायला तयार नसतं.

गॅस फ्रिजच्या बंद नळ्यांत असतं पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन. खालची ज्योत अमोनिया मिसळलेलं पाणी तापवते. दूध उतू जाताना वर चढतं तसे बुडबुडे पाण्याला बारीक नळीतून वर ढकलतात, म्हणून पंप लागत नाही. वेगळा झालेला अमोनिया मागच्या जाळीत थंड होऊन द्रव बनतो आणि फ्रिजच्या आतल्या नळीत उतरतो. तिथं हायड्रोजन असतो. तो इथं मे महिन्यातल्या कोरड्या हवेचं काम करतो. अमोनिया त्याच्यात भराभर वाफ होतो आणि आतली उष्णता ओढून घेतो. मग खाली आलेलं पाणी अमोनियाला पुन्हा शोषून घेतं, हायड्रोजन सुटा होऊन वर जातो आणि फेरा परत सुरू होतो.

आइन्स्टाईन-सिलार्डने यात उलटापालट केली. थंडावा द्यायला ब्युटेन घेतला आणि कोरड्या हवेचं काम अमोनियाला दिलं. इलेक्ट्रोलक्सने त्यांचे पेटंट हक्क विकत घेतले, पण हा फ्रिज कधी बाजारात आला नाही.

ओरडणारा फ्रिज

दोघं थांबले नाहीत. हॅम्बुर्गच्या सिटोगेल कंपनीसाठी त्यांनी नळाच्या पाण्याच्या दाबावर चालणारं छोटं थंड करायचं यंत्र बनवलं. ते १९२८ च्या लाइपझिग जत्रेत दाखवलं गेलं, पण ठिकठिकाणी पाण्याचा दाब सारखा नसल्याने पुढे गेलं नाही. हे वाचून आपल्या नळाची आठवण येते ना?

तिसरी कल्पना सगळ्यात भारी होती. पिस्टनऐवजी द्रवरूप धातू घ्यायचा आणि त्याला बाहेरून चुंबकाने ढकलायचं. नळी पूर्ण सीलबंद, म्हणजे गळतीला जागाच नाही. बर्लिनच्या एईजी कंपनीने त्यासाठी प्रयोगशाळा दिली, अल्बर्ट कोरोडी हा इंजिनिअर दिला. ३१ जुलै १९३१ रोजी असा फ्रिज प्रत्यक्ष सुरू झाला. अडचण एकच होती. आवाज असा यायचा, की कोल्हेकुई बरी. तो कमी करण्यात बराच वेळ गेला.

तोवर बाजार बदलला. १९३० मध्ये अमेरिकेत फ्रिऑन आला. विषारी नाही, पेट घेत नाही. साध्या पंपाचा फ्रिज एका झटक्यात सुरक्षित झाला. त्यात जागतिक मंदी आली, एईजीने १९३२ मध्ये हात आखडता घेतला आणि प्रकल्प गुंडाळला.

फ्रिऑनने ओझोनचा थर खराब केला, हे कळायला १९७४ उजाडलं. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो हळूहळू हद्दपार झाला. आता गंमत बघा. आज घरच्या नव्या फ्रिजमागचं स्टिकर वाचा. बहुतेक ठिकाणी आर-६००ए असं असेल. तो आयसोब्युटेन, म्हणजे आइन्स्टाईनने निवडलेल्या ब्युटेनचा सख्खा भाऊ.

ज्योतीपासून अणूपर्यंत

डिसेंबर १९३२ मध्ये आइन्स्टाईन अमेरिकेला गेला. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू असलेल्या आइन्स्टाईनला परत जर्मनीत पाय ठेवता आला नाही. त्याची पुस्तकं जाळली गेली. सिलार्डही बर्लिन सोडून निसटला. जगात ज्या जर्मनीचं नाव होतं, तिने आपली सगळ्यात हुशार माणसं स्वतःच हाकलली.

१९३९ मध्ये फ्रिजवाली जोडी पुन्हा भेटली. सिलार्डला अणूच्या साखळी अभिक्रियेची भीती वाटत होती, बॉम्ब आधी हिटलरच्या हाती लागला तर काय ही. त्याने मजकूर तयार केला आणि २ ऑगस्ट १९३९ तारखेच्या त्या पत्रावर आइन्स्टाईनने सही केली. पत्र राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टकडे गेलं. बॉम्बच्या कामात आइन्स्टाईन स्वतः नव्हता, पण त्या सहीचं दुःख त्याला शेवटपर्यंत राहिलं. १८ एप्रिल १९५५ रोजी प्रिन्स्टनमध्ये तो गेला.

त्याचा ओरडणारा पंप मात्र वाया गेला नाही. द्रवरूप सोडियमने थंड होणाऱ्या अणुभट्ट्यांना सील नसलेले पंप हवे असतात. तिथं हीच चुंबकाची युक्ती कामाला आली. आणि २००८ च्या सुमारास ऑक्सफर्डच्या इंजिनिअरांनी त्याच्या ब्युटेनच्या फ्रिजवरही पुन्हा काम सुरू केलं.

आता मामांचा फ्रिज

हे सगळं वाचून मी मामांना व्हिडिओ कॉल लावला. सॉफ्टवेअरमध्ये बग शोधताना आपण एकेक भाग वेगळा काढून तपासतो. तसंच केलं.

पहिली गोष्ट दिसली ती फ्रिजची बैठक. जमीन शेणाने सारवलेली, फ्रिज एका बाजूला कललेला. आतला द्रव फक्त उतारावर वाहतो, त्यामुळे कललेला गॅस फ्रिज थंड होतच नाही. मिस्त्रीची पाणसळ आणून, खाली फरशीचे तुकडे सरकवून तो सरळ केला. फोनमधल्या लेव्हल ॲपनेही काम भागतं. हे सोपं वाटतं, पण महत्त्वाचं आहे. तिरका फ्रिज बरेच दिवस पेटता ठेवला तर खालचा भाग जास्त तापतो, आतलं गंजरोधक रसायन नळीत गोठतं आणि युनिट कायमचं जातं.

दुसरी गोष्ट दिसली तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. ज्योत पिवळी होती आणि मागच्या धुराड्यावर काजळी. डिसेंबरची थंडी म्हणून मामा त्याच खोलीत दार-खिडकी लावून झोपायचे. मी विचारलं, सकाळी डोकं दुखतं का? चार दिवसांपासून दुखत होतं.

पिवळी ज्योत म्हणजे अर्धवट जळणारा गॅस, आणि त्यातून येतो कार्बन मोनॉक्साईड. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. बर्लिनच्या त्या कुटुंबाची बातमी मी तासाभरापूर्वीच वाचली होती. मी मामांना आधी सिलिंडर बंद करून, दार उघडून बाहेर यायला सांगितलं. फ्रिजचं बघू नंतर म्हटलं. सुदैवाने मोकळ्या हवेत थोड्या वेळात त्यांना बरं वाटलं. डोकेदुखीबरोबर चक्कर किंवा उलटी असती, तर थेट दवाखानाच गाठायला लावलं असतं.

कुणाच्या आखाड्यावर, फूड ट्रकमध्ये किंवा कॅम्पिंगच्या गाडीत असा फ्रिज असेल, तर हे लक्षात ठेवा.

१. जागा : झोपायच्या खोलीत कधीच नको. खाली आणि वर, दोन्हीकडे हवेला वाट हवी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर खड्ड्यात किंवा तळघरात ठेवू नका.

२. ज्योत : निळी आणि स्थिर हवी. पिवळी दिसली तर गॅस बंद, सगळं गार होऊ द्या, मग बर्नर आणि धुराडं ब्रशने साफ करा. बर्नरच्या बारीक छिद्रात सुई किंवा टाचणी घालू नका. छिद्र मोठं होतं आणि ज्योत आणखी बिघडते.

३. गळती : पाइप, रेग्युलेटर आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले की गळती. काडी पेटवून तपासणं म्हणजे स्वतःच्या हाताने आग लावणं. पाइप आयएसआय मार्कचाच घ्या आणि त्यावर छापलेली मुदत बघा. हाय प्रेशरचा रेग्युलेटर लावू नका. गॅसचा वास आला तर स्विचला हात लावू नका, बाहेर जा आणि १९०६ या एलपीजी आपत्कालीन नंबरवर फोन करा.

४. बटण सोडलं की ज्योत विझते : ज्योतीच्या टोकाशी थर्मोकपल नावाची बारीक काडी असते. ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद करणं हे तिचं काम. पेटवल्यावर बटण काही सेकंद दाबून धरा. तरीही विझत असेल तर काडी मळलेली, सैल किंवा खराब आहे. ती बदला. तार बांधून बटण दाबून ठेवण्याचा जुगाड जीवावर बेतू शकतो.

५. थंड होत नाही : आधी सहा-आठ तास वाट बघा, हा फ्रिज मुळातच सावकाश आहे. फ्रिज विजेवरही चालणारा असेल तर एक रात्र विजेवर लावा. तेव्हा थंड झाला तर दोष बर्नरकडे, तरीही नाही झाला तर बैठक, हवा किंवा सीलबंद युनिटमध्ये. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की चांगला फ्रिजही दमतो. तो सावलीत, भिंतीपासून लांब ठेवा. मागची जाळी पुसा. बर्फ सुरीने खरवडू नका.

६. झणझणीत वास किंवा मागे पिवळी पावडर : हा अमोनिया गळतोय. पिवळा थर गंजरोधक रसायनाचा आणि तो विषारी आहे. हात लावू नका. गॅस बंद करा, दारं उघडा, बाहेर जा. आत मोठा दाब असतो आणि पेट घेणारा हायड्रोजनही असतो. त्यामुळे नळी कापणं, वेल्डिंग करणं, गॅस भरून देतो म्हणणाऱ्याकडे देणं, यातलं काहीच नको. युनिट बदलणं किंवा फ्रिज टाकून देणं, हे दोनच मार्ग.

घरच्या साध्या फ्रिजलाही एक नियम. स्टिकरवर आर-६००ए असेल तर मेकॅनिकला तो आधी दाखवा. वायू थोडाच असतो, पण पेट घेतो. बंद स्वयंपाकघरात त्यावर वेल्डिंगची ज्योत चालवू देऊ नका. आणि फ्रिजचा गॅस वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता नुसता गॅस भरला तर पैसे वाया.

मामांचा फ्रिज आता आखाड्याच्या पडवीत आहे, सरळ, निळ्या ज्योतीवर. छोट्या गॅस फ्रिजला दिवसाला साधारण पाव किलो ते चारशे ग्रॅम गॅस लागतो, त्यामुळे मामा सिलिंडरचा हिशोब वहीत लिहितात. दही छान लागतं म्हणे.

आइन्स्टाईनचा एकही फ्रिज विकला गेला नाही. पण जगातल्या सगळ्यात मोठ्या शास्त्रज्ञाला अनोळखी घरातली माणसं झोपेत मेल्याची बातमी वाचून सात वर्षं त्यावर डोकं चालवावंसं वाटलं, हे मला त्याच्या समीकरणाइतकंच मोठं वाटतं. आपल्याला सात वर्षं द्यायची नाहीत. आज घरी गेल्यावर फक्त ज्योतीचा रंग बघा आणि पाइपवरची तारीख वाचा. गावाकडे कुणाकडे असा फ्रिज किंवा गॅस गिझर असेल, तर त्यांनाही एक व्हिडिओ कॉल लावा.